देवदाराविना सदाहरित : खानापूरच्या घाटमाथ्यावरचे थरांचे रान

सिमला-मनाली पाहून आलेले लोक बेळगावहून जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याने चोर्ला घाटाकडे निघाले, की एक प्रश्न हमखास विचारतात. डोंगर इथेही आहेत, पाऊस तिथल्यापेक्षा जास्त पडतो, रान बारा महिने हिरवे असते. मग देवदार, चीड यांच्यासारखी सुईच्या पानांची झाडे इथे का दिसत नाहीत? ‘थंडी कमी पडते’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. थंडी कमी म्हणून देवदार नाही हे मान्य केले, तरी त्याच्या जागी जे रान उभे आहे ते तसेच का, हा प्रश्न उरतो. ते एका जातीचे नाही आणि एका उंचीचेही नाही. ते थराथरांनी रचलेले आहे, आणि त्यातल्या प्रत्येक थराची गरज वेगळी आहे.

१. सदाहरित म्हणजे पाने न गळणारे नव्हे

सदाहरित झाडाची पाने कधीच गळत नाहीत, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात जांभळाची पाने गळतात, देवदाराच्या सुयाही गळतात. फरक आहे तो गळतीच्या वेळापत्रकात. साग किंवा पळस उन्हाळ्याच्या तोंडावर सगळी पाने एकदम टाकतो आणि काही आठवडे उघडा राहतो. सदाहरित झाड जुनी पाने थोडीथोडी टाकते आणि नवी त्याच सुमारास येत राहतात, त्यामुळे झाड बोडके कधी दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कणकुंबीच्या रानात शिरले तर पायाखाली वाळक्या पानांचा चुरा आणि डोक्यावर जांभळाची तांबूस कोवळी पालवी, दोन्ही एकाच वेळी असतात.

असा हिरवेपणा टिकवणाऱ्या झाडांचे दोन मोठे गट आहेत. पहिला सूचीपर्णींचा : देवदार, चीड, कैल, रई. यांना खरी फुले येत नाहीत. बी फळात झाकलेले नसते, शंकूच्या खवल्यांवर उघडे बसलेले असते, म्हणून यांना अनावृतबीजी म्हणतात. दुसरा गट रुंद पानांच्या सपुष्प झाडांचा : जांभूळ, अंजनी, आंबा, फणस. बेळगावच्या कॅम्प भागातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात किंवा कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दिसणारा सुरू अनेकांना चिडाचा भाऊ वाटतो. पण सुरू सपुष्प आहे. त्याच्या हिरव्या ‘सुया’ म्हणजे बारीक फांद्या असतात. खरी पाने त्या फांद्यांच्या सांध्यांवर इवल्या खवल्यांच्या रूपात चिकटलेली असतात आणि फांदी डोळ्यांजवळ धरली तरच दिसतात.

२. सुईचे पान आणि पाण्याची नळी

सुईचे पान ही थंडीशी आणि कोरडेपणाशी केलेली तडजोड आहे. पृष्ठभाग कमी, वर मेणाचा जाड थर, श्वास घेण्याची छिद्रे खोलगट खाचांत. असे पान बर्फाखाली महिनोन्‌महिने टिकते आणि वसंतात ऊन मिळाले की पुन्हा कामाला लागते. ते बनवायला झाडाला बराच खर्च येतो, म्हणून झाड ते कित्येक वर्षे वापरते.

पानाइतकेच महत्त्वाचे आहे खोडाच्या आतले नळकाम. निपाणी-चिकोडीच्या ज्या शेतकऱ्यांनी नदीवरून उसाला पाईपलाईन आणली आहे, त्यांना हवा धरणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही : नळीत हवेचा फुगा अडकला की मोटर चालू असूनही पाणी पुढे सरत नाही. झाडाच्या खोडातही हेच घडते. खोडातले पाणी गोठले की त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, आणि बर्फ वितळल्यावर मोठ्या व्यासाच्या नळीत तो बुडबुडा फुगून धार तोडतो. बहुतेक रुंदपर्णी झाडांच्या नळ्या मोठ्या आणि लांब असतात. उबदार, ओल्या हवामानात त्या भराभर पाणी चढवतात, पण वारंवार गोठणे त्यांना सोसत नाही. सूचीपर्णींच्या खोडात अशा सलग नळ्या नसतात. असतात त्या अगदी अरुंद, छोट्या पेशी, एकीला एक जोडलेल्या. पाणी हळू चढते, पण बुडबुडा झालाच तर तो एका पेशीपुरता राहतो. म्हणून जिथे कडाक्याची थंडी आहे तिथे सूचीपर्णी जिंकतात, आणि जिथे ऊब व ओल भरपूर आहे तिथे रुंदपर्णी त्यांना वाढीच्या वेगात मागे टाकतात.

उंचीचा हिशेब करून पाहता येतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे आणि तिथले वर्षाचे सरासरी तापमान २४ अंशांच्या आसपास असते. दर हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. देवदाराच्या प्रदेशात वार्षिक सरासरी ढोबळमानाने १३ अंश धरली, तर ११ अंश खाली यायला सुमारे १७०० मीटर चढावे लागेल. म्हणजे बेळगावच्या अक्षांशावर देवदाराला मानवेल असा डोंगर जवळजवळ २४५० मीटर उंच हवा. खानापूरचा घाटमाथा आठशे ते हजार मीटरच्या घरात आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरवर थांबते.

३. पण दक्षिणेत तेवढे उंच डोंगर आहेत, त्यांचे काय?

केरळातले अनैमुडी शिखर २६९५ मीटर उंच आहे. निलगिरीत हिवाळ्यात दहिवर गोठते. वरचा हिशेब पुरेसा असता, तर तिथे देवदार असायला हवा होता. तो नाही. त्या उंचीवर गवताळ कुरणे आणि दऱ्यांत दडलेली शोला नावाची बुटकी सदाहरित राने आहेत. विशेष म्हणजे हिमालयातल्या बुरांसाचा, म्हणजे रोडोडेंड्रॉनचा, सख्खा नातेवाईक तिथे आहे. चीड-देवदार मात्र तिथवर पोहोचले नाहीत. हवामान जुळले तरी झाड तिथे पोहोचायला वाट लागते, आणि हिमालय ते निलगिरी ही वाट मधल्या दोन हजार किलोमीटरच्या उष्ण मैदानांनी अडवलेली आहे. उटी आणि कोडाईकनालला आज दिसणारी पाईनची वने माणसाने लावलेली आहेत.

उष्ण प्रदेशात सूचीपर्णी मुळीच नसतात, असेही नाही. मेघालयातल्या खासी टेकड्यांवर खासी पाईन आहे, आणि पाईनची एक जात तर सुमात्रात विषुववृत्त ओलांडून पलीकडे गेली आहे. दक्षिण भारतातही एक खरा देशी सूचीपर्णी आहे. तो पोडोकार्प कुळातला असून अगस्त्यमलै, अनैमलै अशा दक्षिणेकडच्या दमट सदाहरित रानांत तुरळक सापडतो. त्याचे पान सुईसारखे नसून रुंद आणि भाल्याच्या पात्यासारखे आहे. दाट सावलीत वाढायचे तर सूचीपर्णीलाही पान रुंद करावे लागते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणार नाही.

दख्खनच्या भूमीवर एके काळी सूचीपर्णी होते, हेही नोंदवायला हवे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचत असताना, दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात जो गाळ साठला, त्यात नागपूर आणि छिंदवाड्याच्या परिसरात सूचीपर्णींच्या शंकूंचे जीवाश्म सापडले आहेत. पुढे सपुष्प झाडांचा जोर वाढला आणि उबदार, दमट जागा त्यांनी व्यापल्या.

४. निपाणी ते कणकुंबी : पावसाची उतरंड

वनस्पतिसमूह म्हणजे एका ठिकाणच्या माती-पाण्याला आणि एकमेकांना जुळवून घेऊन कायम एकत्र आढळणाऱ्या झाडाझुडपांचा संच. समूह बदलतो कसा, हे पाहायला सीमाभागाइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. घाटमाथ्यावर ढग अडतात, मोकळे होतात आणि पूर्वेकडे जाताना रिकामे होत जातात, त्यामुळे थोड्या किलोमीटरांत पाऊस झपाट्याने घटतो. कणकुंबीला वर्षाला साधारण ३५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमगावसारख्या भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावांत तो याहूनही जास्त असतो. खानापूरला तो सतराशे-अठराशेवर येतो, बेळगावला बाराशे-तेराशेवर आणि निपाणीला हजाराच्या आत.

रान या आकड्यांच्या मागोमाग बदलते. निपाणीच्या भोवती मूळचे माळ, बाभळी आणि काटेरी झुडपे. आता तिथे तंबाखू आणि ऊस. बेळगावच्या पश्चिमेला पानझडी झाडे भेटू लागतात. लोंढा-नागरगाळीच्या बाजूला साग, ऐन, किंजळ, नाणा यांचे ओले पानझडी रान आहे. जांबोटीच्या पुढे पानझडी आणि सदाहरित झाडे मिसळतात. कणकुंबीपासून चोर्ल्यापर्यंत आणि भीमगडच्या दऱ्यांत सदाहरित रानाचे राज्य सुरू होते. भीमगड वन्यजीव अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. देगावजवळ उगम पावणारी म्हादई इथूनच गोव्याकडे उतरते, आणि थोड्या अंतरावर कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला मिळायला जाते.

एकूण पावसापेक्षाही रानाला महत्त्वाचा असतो तो कोरड्या महिन्यांचा आकडा. तो काढण्याची एक साधी रीत आहे : महिन्याच्या सरासरी तापमानाची दुप्पट करा. त्या महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये त्याहून कमी असेल, तर तो महिना झाडांसाठी कोरडा. तापमान २४ अंश असेल तर ४८ मिलिमीटर ही सीमा झाली. या हिशेबाने कणकुंबीला नोव्हेंबर ते एप्रिल असे साधारण सहा महिने कोरडे निघतात. केरळच्या दक्षिण टोकाला असे महिने दोन-तीनच असतात. महाबळेश्वर, भीमाशंकर असे उत्तरेकडे सरकावे तसा कोरडा काळ लांबत जातो, आणि सदाहरित झाडांच्या जाती एकेक करून गळत जातात. दक्षिणेकडच्या रानांत चाळीस-पंचेचाळीस मीटर उंच जाणारे डिप्टेरोकार्प कुळातले महावृक्ष उत्तर कन्नड जिल्ह्याच्या पुढे येत नाहीत. खानापूरचे रान त्यांच्यावाचून उभे आहे. म्हणून ते बुटके आहे, पण चिवट आहे. वर्षातला अर्धा काळ जवळजवळ पाऊस नसताना पान हिरवे ठेवायचे, ही परीक्षा केरळातल्या झाडांना द्यावी लागत नाही.

५. अंजनी, जांभूळ, पिसा

समूहाला नाव देण्याची रीत सरळ आहे. जी झाडे त्या रानात सर्वाधिक आणि सातत्याने आढळतात, त्यांची नावे जोडून समूह ओळखला जातो. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातल्या वनांची जी वर्गवारी प्रसिद्ध केली, ती वनखाते आजही वापरते. तिचा मुख्य आधार हवामान हा आहे. पुढे पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने १९८० च्या दशकात पश्चिम घाटाचे सविस्तर वननकाशे काढले, तेव्हा झाडांच्या जोडनावांवर भर दिला. महाबळेश्वरपासून आंबोली, चंदगड, तिलारी आणि खानापूरपर्यंतच्या घाटमाथ्याचा ठळक समूह त्यात अंजनी-जांभूळ-पिसा असा येतो.

या तिघांत अंजनी नवख्यालाही ओळखता येते. झाड बहुधा आठ-दहा मीटरचे, खोड वेडेवाकडे आणि लाकूड इतके घट्ट की कुऱ्हाड सहज बसत नाही. पान जाड, चामड्यासारखे, वरून तकतकीत. मधली शीर स्पष्ट दिसते, बाजूच्या शिरा मात्र शोधूनही सापडत नाहीत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ येतात, तेव्हा अख्खी फांदी निळी दिसते. पुढे काळी पडणारी बारीक फळे बुलबुल आणि इतर पक्षी खातात. जांभळाला ओळखीची गरज नाही, पण घाटमाथ्यावरचे जांभूळ शेताच्या बांधावरच्या जांभळापेक्षा ठेंगणे आणि गच्च पानांचे असते. पिसा हा दालचिनीच्या कुळातला. त्याची लांबट पाने फांदीच्या टोकाला झुबक्याने येतात, पानांची खालची बाजू फिकी असते आणि कोवळ्या पानांवर मऊ लव असते. तिघांचीही पाने जाड आहेत, आणि ते उगाच नाही : सहा कोरडे महिने निभावायला पातळ पान पुरत नाही.

६. उजेडाची वाटणी

आता थरांकडे. रानाचे थर पडतात ते उजेडामुळे. समजा, रानाच्या माथ्यावर १०० भाग ऊन पडले आणि वरच्या छत्राने त्यातले २० भाग खाली सोडले. मधल्या झाडांनी त्या वीसातले तीस टक्के खाली जाऊ दिले, तर ६ भाग उरले. झुडपांनी त्यातला एक तृतीयांश सोडला, तर जमिनीवर पोहोचले जेमतेम २ भाग. दाट सदाहरित रानात जमिनीवर खरोखरच शंभरात एक-दोन भाग इतकाच उजेड येतो. तोही सलग नसतो. पाने हलली की उन्हाचे कवडसे क्षणभर जमिनीवर पडतात, आणि खालच्या रोपांची बरीचशी कमाई या कवडशांवर चालते.

देवदार-चिडाच्या रोपाला हे परवडत नाही, विशेषतः चिडाला तर नाहीच. त्याचे पंखाचे हलके बी वाऱ्यावर उडते आणि मोकळ्या, उघड्या मातीवर रुजते. जांभूळ, रानजायफळ, फणस यांची बियाणी मोठी आणि अन्नाने भरलेली असतात. पहिली काही पाने फुटेपर्यंत रोप त्याच शिदोरीवर जगते. मोठे बी वाऱ्याने जात नाही, त्याला वाहक लागतो. चोर्ला-भीमगडच्या रानात ते काम धनेश, रानपारवे, उदमांजरे, माकडे आणि वटवाघळे करतात. धनेश फळ गिळतो, दूर उडून जातो आणि बी ओकून टाकतो. धनेश नाहीसा झाला तर काही झाडांची पुढची पिढी आईच्या सावलीतच अडकून पडते.

हिमालयाच्या रानालाही थर असतात. वर देवदार आणि कैल, त्याखाली बांज आणि बुरांस, खाली रिंगाळाचा बांबू, मग नेचे आणि शेवाळ. पण वरच्या थरात एक-दोन जातींचेच वर्चस्व असते. खानापूरच्या दरीत वरच्या थरातच दहा-बारा जाती शेजारी शेजारी उभ्या असतात, हा मोठा फरक आहे.

वरचे छत्र. दऱ्यांत, ओढ्यांच्या काठी, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागी छत्र वीस ते तीस मीटरवर जाते. तिथे रानआंबा, फणस, जांभूळ, बेहडा, हिरडा, पारजांब असतात. हिरडा आणि बेहडा पाने टाकणारे आहेत. शुद्ध सदाहरित रानात त्यांचे असणे ही गडबड नव्हे. सहा कोरड्या महिन्यांच्या प्रदेशात वरच्या, थेट उन्हातल्या थराला थोडी पानगळ परवडते, किंबहुना तीच त्याची सोय असते. खालचे थर मात्र हिरवे राहतात.

मधला थर. इथे अंजनी, रानजायफळ, कडू कवठ, रातांबा, भेरली माड. रानजायफळाची साल खरवडली तर तांबडा रस ओघळतो. रातांब्याची फळे एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि त्यांच्या साली वाळवून आमसुले होतात. गोव्यात जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांना रातांबा परसातले झाड वाटते, पण त्याचे मूळ घर हीच सावली आहे. नरक्या याच थरातला. त्याच्या लाकडात आणि सालीत कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते, त्यापासून कर्करोगावरची औषधे बनतात. हे कळल्यावर सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली, आणि एका लहानशा, गाजावाजा नसलेल्या झाडावर नामशेष होण्याची वेळ येऊन ठेपली. छत्र अबाधित दिसत असतानाही त्याखालचा एक थर कसा पोकळ होऊ शकतो, ते नरक्याने दाखवले. डोंगराकडे दुरून पाहणाऱ्याला किंवा उपग्रहाच्या चित्राला ही तूट दिसत नाही.

झुडपांचा थर. उतारांवर कारवी. एका उतारावरची कारवी साधारण सात वर्षे नुसती वाढते, मग सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. त्या वर्षी मधमाश्यांना सुगी. कारवी मेल्यावर जमिनीवर काही काळ उजेड पोहोचतो आणि तिच्याखाली दबून राहिलेल्या मोठ्या झाडांच्या रोपांना वर यायची संधी मिळते. ओलसर जागी दिंडा, वेत आणि तऱ्हेतऱ्हेची सावलीप्रिय झुडपे असतात.

जमीन. गवत जवळजवळ नाही, त्याला ऊन लागते. नेचे, रानहळदीच्या जातीची कंदमुळे, शेवाळ आणि पावसाळ्यात अळंब्या. जांभ्याची माती मुळात निकस असते, तीव्र पावसाने तिच्यातले क्षार धुऊन जातात. रानाचे खरे भांडवल वरच्या हातभर मातीत आणि पाचोळ्यात असते. पडलेले पान पावसाळ्यात भराभर कुजते, आणि बुरशीच्या धाग्यांनी वेढलेली मुळे त्यातले सत्त्व वाहून जायच्या आत शोषून घेतात.

वेली आणि झाडावरची झाडे. कोणत्याही एका थरात न मावणारा हा वर्ग आहे. गारंबीची वेल माणसाच्या मांडीएवढी जाड होते आणि तिच्या शेंगा मीटरभर लांब असतात. तिची मुळे जमिनीत, पाने छत्रावर. खोड उभे करण्याचा खर्च ती दुसऱ्या झाडावर टाकते. उलट आमरी, म्हणजे ऑर्किड, फांदीवरच जन्मतात. त्यांच्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखे आवरण असते, ते धुके आणि पाऊस टिपून ठेवते. त्या झाडाकडून अन्न घेत नाहीत. झाडातले पाणी आणि क्षार चोरते ते बांडगूळ, आणि दोघांची गल्लत करू नये.

बाशिंग नावाचा नेचा या सगळ्यांत पाहण्यासारखा. त्याला दोन प्रकारची पाने येतात. एक प्रकार लांब, हिरवा, कापल्यासारखा. दुसरा आखूड, तपकिरी आणि कागदासारखा कोरडा, खोडाला टेकून उभा राहणारा. ही तपकिरी पाने मेलेली वाटतात, पण तीच त्याची बादली आहे. वरून पडणारा पाचोळा, धूळ, किड्यांची विष्ठा त्यांच्या खोबणीत साठते, कुजते, आणि जमिनीपासून वीस फूट वर नेच्याची स्वतःची माती तयार होते. कोरड्या महिन्यांत हिरवी पाने गळून जातात आणि तपकिरी पाने कंदाला सावली धरून बसतात. मृगाच्या सरी आल्या की हिरवी पाने पुन्हा फुटतात.

७. उंबळी : सूचीपर्णींची इथली नातेवाईक

खानापूर-आंबोलीच्या सदाहरित रानात देवदार नाही, पण अनावृतबीजी वनस्पती आहे, आणि ती वेल आहे. तिला उंबळी म्हणतात. पाने समोरासमोर, रुंद, जाळीदार शिरांची. पाहणारा तिला बिनदिक्कत सपुष्प वेल समजतो. खोडावर ठरावीक अंतराने फुगीर पेरे असतात. पिकल्यावर नारिंगी दिसणारे तिचे ‘फळ’ म्हणजे मांसल आवरण घेतलेले उघडे बी आहे. जनुकांच्या अलीकडच्या अनेक अभ्यासांत हिचे कूळ सूचीपर्णींच्या, त्यातही चीड-देवदारांच्या कुळाच्या जवळ बसते. म्हणजे हिमालयात ज्या घराण्याने सुया आणि उंच खोड धरले, त्याच्या एका दूरच्या शाखेने इथे रुंद पान, मोठ्या नळ्या आणि दुसऱ्याच्या खांद्यावर चढण्याची रीत स्वीकारली. दुसऱ्या प्रकरणात सांगितलेला अरुंद नळ्यांचा नियम उंबळीला लागू पडत नाही. तिच्या खोडात सपुष्प झाडांसारख्या रुंद नळ्या आहेत, कारण गोठण्याची भीती इथे नाही आणि छत्रावर चढून गेलेल्या पानांना पाणी भराभर पोहोचवावे लागते.

८. एकाच घाटातले शेजारी समूह

थरांचे रान सगळीकडे सारखे नसते. कड्यावर, जिथे पावसाळी वारा थेट आदळतो, तिथे तीच जांभळे आणि अंजनी पाच-सात मीटरवर थांबतात. फांद्या पूर्वेकडे झुकतात, छत्र कातरल्यासारखे सपाट होते आणि थर दोनच उरतात. शंभर मीटर खाली दरीत गेले की तेच झाड दुप्पट उंच मिळते.

ओढ्याकाठच्या दलदलीत आणखी वेगळा समूह असतो. जायफळ कुळातल्या झाडांची ही दलदल गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे देवराईच्या आश्रयाने टिकून आहे. पाण्याखालच्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती गुडघ्यासारखी वाकून चिखलाच्या वर येतात.

सडा याच्या अगदी उलट. जांभ्याच्या सपाट कातळावर माती बोटभरही नसते, त्यामुळे झाड धरत नाही. चोर्ल्याच्या सड्यावर पावसाळ्यात गेंद, कावळा, सीतेची आसवं यांची फुले येतात. सीतेची आसवं ही कीटकभक्षी आहे : निकस कातळावर नत्राची उणीव ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून भरून काढते. रानापासून पन्नास पावलांवर असूनही या समूहात रानातली एकही जात सहसा नसते. सडा म्हणजे झाडे तोडून उजाड झालेली जागा, हा गैरसमज मोडायला हवा. त्यापायी सड्यांवर खड्डे खणून झाडे लावली जातात, ती जगत नाहीत, आणि होता तो समूह मात्र बिघडतो.

९. थर मोडल्यावर काय होते

खानापूरच्या डोंगरांत पूर्वी कुमरी होत असे : रानाचा तुकडा तोडून जाळायचा, राखेत नाचणी पेरायची, दोन-तीन वर्षांनी जागा सोडायची. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारने कुमरीवर निर्बंध घातले. सोडलेल्या जागी रान कोणत्या क्रमाने परतते, हे अशा जुन्या तुकड्यांवरून समजते. आधी गवत आणि रामेठा. मग करवंद आणि तोरण, काटेरी असल्याने गुरे ज्यांना टाळतात. या काटेरी जाळ्यांवर बुलबुल बसतात, विष्ठेतून अंजनी-जांभळाचे बी पडते आणि जाळीच्या सावलीत, गुरांच्या तोंडापासून सुरक्षित, ते रुजते. तोडलेल्या अंजनीच्या बुंध्यातूनही धुमारे फुटतात, म्हणून पहिल्या परतणाऱ्यांत ती असते. रानजायफळ, पिसा यांना आधी सावली तयार व्हावी लागते. ते शेवटी येतात, आणि बी आणणारे धनेशासारखे पक्षी त्या बाजूला येत असतील तरच येतात.

बेळगाव-खानापूर पट्ट्यात रस्त्याकडेला आणि गायरानांवर अकेशिया व नीलगिरीची लागवड पुष्कळ झाली आहे. तीही बारा महिने हिरवी असते. पण झाडे एका वयाची, एका जातीची, म्हणून थर एकच. अकेशियाचा जाड पाचोळा लवकर कुजत नाही, आणि त्याखाली सुरुवातीची बरीच वर्षे दुसरे काही फारसे उगवत नाही. जिथे ही लागवड जुन्या रानाला किंवा एखाद्या देवराईला लागून आहे आणि खालची झाडोरा-सफाई थांबलेली आहे, तिथे मात्र अकेशियाच्या सावलीत करवंद, अंजनी, जांभूळ आणि दिंडा आपोआप उगवलेले दिसतात. त्यांचे बी पक्ष्यांनी शेजारच्या रानातून आणलेले असते. जवळ असे रान नसेल तिथे अकेशिया म्हातारा होईपर्यंत खाली फक्त पाचोळा राहतो.